वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि बायबल : मारबुर्ग येथील एक वाद

बायबल शब्दशः वाचावे की रूपकात्मक, हा प्रश्न पुष्कळदा श्रद्धावान आणि चिकित्सक ह्यांच्यातील कलह म्हणून मांडला जातो. ह्या मांडणीत एक गृहीत दडलेले असते : शब्दशः वाचणारा ग्रंथाशी अधिक एकनिष्ठ, आणि रूपक मानणारा त्यापासून काहीसा दुरावलेला. ख्रिस्ती अर्थनिर्णयनाचा इतिहास ह्या गृहीताला पुष्टी देत नाही. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने असे प्रतिपादिले की, ईश्वराच्या ‘बाहू’चा उल्लेख येतो तेव्हा त्याचा शाब्दिक अर्थ अवयव हा नसून सामर्थ्य हा होय. म्हणजे त्याच्या मते रूपक हे शाब्दिक अर्थाच्याच कक्षेत येते. तेव्हा खरा प्रश्न उरतो तो असा : अमुक एक वाक्य रूपक आहे, हे ठरवावयाचे कशाच्या आधारे?

ह्या प्रश्नाचे स्वरूप ऑक्टोबर 1529 मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे झालेल्या वादात फार स्पष्टपणे दिसते. शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकरी हाती घेऊन येशूने ती आपले शरीर असल्याचे सांगितले. ह्या विधानाच्या अर्थाविषयी मार्टिन ल्यूथर आणि झ्यूरिकचा धर्मसुधारक त्स्विंग्ली ह्यांचे तीव्र मतभेद होते. सम्राट पाचव्या चार्ल्सविरुद्ध प्रॉटेस्टंटांची एकजूट व्हावी, ह्या हेतूने हेसचा अधिपती फिलिप ह्याने दोघांना एकत्र आणले. ल्यूथरने ते लॅटिन वाक्य खडूने मेजावर लिहून ठेवले आणि त्याच्या वाच्यार्थापासून तो ढळला नाही. त्स्विंग्लीच्या मते येथील ‘आहे’ ह्या क्रियापदाचा अर्थ ‘सूचित करते’ असा घ्यावयास हवा होता. त्याचा सहकारी इकोलांपाडियस ह्याने मात्र लक्षणा ‘शरीर’ ह्या पदावर मानली.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा वाद परिचित वाटेल. गंगेवर गवळीवाडा आहे, असे म्हटल्यास प्रवाहावर वस्ती असणे अशक्य, म्हणून आपण ‘गंगातीर’ असा अर्थ घेतो. मुख्यार्थाचा बाध ही लक्षणेची पहिली अट होय. येशूने स्वतःला द्वार आणि द्राक्षवेल म्हटले, ह्याकडे त्स्विंग्लीपक्षाने लक्ष वेधले. रूपके बायबलात आहेत हे ल्यूथरला मान्यच होते. परंतु अन्यत्र रूपक आहे म्हणून येथेही ते आहेच, हे सिद्ध होत नाही, असा त्याचा आक्षेप होता. अर्थात, वादाचे मूळ बाधातच होते.

त्स्विंग्लीचा युक्तिवाद असा : ख्रिस्त स्वर्गारोहण करून पित्याच्या उजव्या हाताशी बसला आहे, शरीर एका वेळी एकाच स्थळी असते, म्हणून ते भाकरीत असू शकत नाही. ह्यावर ल्यूथरने 1527 मध्येच उत्तर दिले होते. ईश्वराचा उजवा हात हे स्थळ नव्हे. ते त्याचे सर्वव्यापी सामर्थ्य होय. येथे भूमिकांची अदलाबदल झालेली दिसते. ‘शरीर’ शब्दशः घेणारा ल्यूथर ‘उजवा हात’ लाक्षणिक मानतो. उलट, पहिल्या ठिकाणी लक्षणा मानणाऱ्या त्स्विंग्लीला स्वर्गातील स्थान मात्र खरेखुरे स्थळ म्हणूनच हवे असते. एका पदाचा वाच्यार्थ राखण्यासाठी प्रत्येकाला दुसऱ्या पदाचा वाच्यार्थ सोडावा लागला.

ह्यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. मुख्यार्थाचा बाध वाक्यातच आयता सापडत नाही. वाचक काय शक्य मानतो, ह्यावर तो अवलंबून असतो. गंगेच्या उदाहरणात सर्वांचा अनुभव एक असल्यामुळे ही गोष्ट झाकली जाते. जेथे शक्याशक्यतेचीच कल्पना विवाद्य असते, तेथे व्याकरण निर्णय देऊ शकत नाही.

मारबुर्ग येथे 15 कलमांपैकी 14 कलमांवर एकमत झाले. पंधराव्या कलमातही बराच भाग उभयपक्षी मान्य होता. शरीराच्या प्रत्यक्ष उपस्थितीवर मात्र बोलणी थांबली आणि एकजुटीचा बेत फसला. ल्यूथरपंथी आणि रिफॉर्म्ड चर्चेसनी परस्परांशी पूर्ण सहभागित्व जाहीर केले, ते 1973 मधील लॉयेनबर्ग करारात. एका साध्या नामवाक्याच्या अर्थापायी पडलेले अंतर बुजावयास जवळजवळ साडेचार शतके लागली. धर्मग्रंथ शब्दशः वाचतो असे म्हणणाऱ्याला आणि रूपकात्मक वाचतो असे म्हणणाऱ्यालाही म्हणूनच एकच प्रश्न विचारणे उचित ठरते : आपण बाध कोठे मानता, आणि का?