संथ लाइनवर जन्मलेला एडिटर

मावळातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे, ‘कोड लिहायला कोणता एडिटर शिकू? मित्र म्हणतात व्हीएस कोड, सर म्हणतात व्हिम.’ लॅपटॉप जुना आहे, पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्ही जातात आणि प्रोजेक्टचा कोड पुण्यातल्या सर्व्हरवर आहे, असंही त्याने कळवलं आहे. उत्तर या तीन तपशिलांतच दडलेलं आहे, कारण व्हिमचा पूर्वज ‘व्हीआय’ अशाच अडचणीतून घडला.

१९७०च्या दशकात बर्कलीचा विद्यार्थी बिल जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करी. एवढ्या वेगात सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं येतात. पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १,९२० अक्षरं. पडदा एकदा पूर्ण भरायला मिनिटाहून जास्त वेळ! म्हणून व्हीआय जेवढं बदललं तेवढंच नव्याने दाखवतो आणि त्याच्या आज्ञा एकदोन अक्षरांत संपतात. दोनदा ‘डी’ दाबलं की ओळ गेली.

पण सगळं श्रेय जॉयला देणं मला पटत नाही. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातले जॉर्ज कुलुरिस यांनी आधीच ‘ईएम’ नावाचा एडिटर लिहिला होता. त्या काळच्या ‘ईडी’मध्ये मजकूर न बघताच आज्ञा द्यायच्या; ईएममध्ये बदलणारी ओळ डोळ्यांसमोर दिसे. युनिक्सचे जनक केन थॉम्प्सन यांनी तो पाहिला आणि आपल्याला अशा सोयीची गरज वाटत नाही, असं सांगितलं. मग कुलुरिस यांनी तो ‘मर्त्य माणसांसाठीचा एडिटर’ ठरवला! १९७६च्या उन्हाळ्यात ते तो घेऊन बर्कलीला गेले, तिथे जॉयने पाहिला आणि चक हेली या सहकाऱ्यासोबत त्यावर पुढचं काम सुरू केलं. आज व्हीआय वापरणाऱ्या कितीजणांना कुलुरिस हे नाव ठाऊक असेल?

संथ लाइनवरून दूरच्या यंत्रावर काम करण्याची ती परिस्थिती इतिहासजमा झालेली नाही. पुण्याच्या आयसरमध्ये ७९७ टेराफ्लॉप्सचा ‘परम ब्रह्म’ महासंगणक आहे. अशा यंत्रावर दुरून काम करणाऱ्यासमोर बहुधा काळा टर्मिनलच असतो आणि तिथे व्हीआय किंवा व्हिम हमखास सापडतो. शिवाय व्हिम दर २०० अक्षरांनंतर, किंवा हात चार सेकंद थांबला की, बदल वेगळ्या फाइलमध्ये नोंदवतो. लाइन तुटली तरी काम बहुतांशी परत मिळतं. खंडाळ्याच्या पावसात याची किंमत कळते.

व्हीएस कोडला मी कमी लेखत नाही. २०१५मध्ये आलेल्या या एडिटरमध्ये चुका टंकतानाच दिसतात. त्यासाठी पुढच्याच वर्षी जाहीर झालेली ‘लँग्वेज सर्व्हर’ची पद्धत आता व्हिमलाही जोडता येते. देवनागरीत तर व्हीएस कोडच सरस. ‘लोणावळा’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ते सात घटक असतात. टर्मिनल चौकटी मोजतो, त्यामुळे काने-मात्रे अनेकदा भलतीकडे सरकतात. ॲपमध्ये मराठी मजकूर भरपूर असेल तर व्हीएस कोडच घ्या.

मला खटकतो तो एआय एडिटरांचा गाजावाजा. कर्जतहून घाट चढून वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना १:३७च्या चढासाठी मागून बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्याला ती सुटतात. पुढे पुण्यापर्यंत गाडी आपल्याच इंजिनावर जाते. एआयची मदत अशीच अवघड चढावर घ्यावी. शिकण्याच्या वयात बँकर कायमचा जोडलेला राहिला, तर स्वतःच्या इंजिनाची ताकद कळणार कधी?

तेव्हा या विद्यार्थ्याला माझं उत्तर: प्रोजेक्ट सर्व्हरवर आहे तोवर व्हिमच शिका. त्याच्यासोबत ‘व्हिमट्यूटर’ नावाचा अर्ध्या तासाचा धडा येतो, तो रोज एकदा असा आठवडाभर करा. व्हिम फुकट आहे. आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांसाठी देणगी द्या, एवढीच विनंती त्याचे कर्ते, २०२३मध्ये निवर्तलेले ब्रॅम मोलेनार यांनी त्यात लिहून ठेवली आहे.