लढाई नसलेले युद्धस्मारक

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात बर्गक्लेअर नावाचे खेडे आहे. तेथे लाल विटांचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. मॅसेडोनियाच्या मोहिमेत जडलेल्या आजाराने पहिल्या महायुद्धानंतर मृत्यू पावलेल्या लेफ्टनंट हेन्री विलोबी सँडहॅम याच्या स्मरणार्थ त्याची बहीण मेरी बेहरेंड आणि तिचे पती लुई यांनी ते बांधविले. १९२७ साली त्याचे समर्पण झाले. मात्र येथे चित्रे आधी आणि वास्तू नंतर, असा क्रम आहे. चित्रकार स्टॅन्ली स्पेन्सर याने १९२३ सालीच आराखडे रेखाटले होते. ते पाहून बेहरेंड दांपत्याने त्यांच्यासाठी भिंती उभ्या केल्या. चित्रांचे काम १९३२ पर्यंत चालले.

स्पेन्सरने ब्रिस्टलच्या लष्करी रुग्णालयात सेवकाचे काम केले होते, पुढे तो मॅसेडोनियाच्या आघाडीवर गेला. त्याचा भाऊ सिडनी १९१८ मध्ये रणांगणावर मारला गेला. अशा माणसाने वीररसाने ओथंबलेली चित्रे काढली असती, तर कोणालाच नवल वाटले नसते. प्रत्यक्षात या भिंतींवर लढाईच नाही. कोणी फरशी घासतो आहे, कोणी मळके कपडे निवडतो आहे, कोणी चहाची भांडी भरतो आहे. एका चित्रात रुग्णाच्या पाठीवर आयोडीन लावले जात आहे. नकाशा वाचणारा एकच अधिकारी दिसतो. त्याच्याभोवती शिपाई विसावले आहेत, काही रानफळे तोडत आहेत. मला तर फरशी घासण्याचे चित्र सर्वांत अस्वस्थ करते: युद्धाच्या धक्क्याने मन खचलेला माणूस तेथे जमिनीशी अंग टेकून आहे, आणि सारे युद्ध त्या एका देहात आले आहे.

आपल्या समीक्षेत ‘वीर’ म्हटला की पराक्रम गृहीत असतो. स्पेन्सर मात्र पराक्रमाऐवजी सेवेला स्थान देतो, आणि तिला कोठेही उदात्ततेची झूल चढवीत नाही.

वेदीमागची भिंत मात्र पूर्णपणे पुनरुत्थानाची आहे. थडग्यांतून उठलेले शिपाई आपापले पांढरे क्रूस घेऊन निघाले आहेत. मधोमध दोन खेचरे मान वळवून पाहत आहेत. ख्रिस्त त्यांच्याही मागे, दूरवर आणि आकाराने लहान. चटकन सापडतही नाही. नोकरी संपल्यावर शिपायाने बंदूक जमा करावी, तसे ते एकेक क्रूस त्याच्या हाती देत आहेत.