लोहाराचें पाणी

परदेशांत अरण्यवासाची हौस असलेलीं माणसें नामांकित कारागिराकडून आपल्या हाताच्या मापाची सुरी घडवून घेतात आणि ती मोठ्या अभिमानानें बाळगतात. परभणी जिल्ह्यांत असली हौस क्वचितच आढळेल. परंतु मापानें घडविलेल्या पात्यावर ज्यांचें पोट चालतें, अशीं माणसें तेथें पुष्कळ आहेत. गंगाखेडकडील डोंगराळ भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबें बाहेर पडतात. त्यांच्या बोलण्यांत नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. माणसें हत्याराच्या नांवानें मोजलीं जावींत, यावरून त्या हत्याराची योग्यता कळावी! मजुरी टनावर मिळते. भर तोडींत पातें मोडलें, तर मजुरी बुडतेच.

पूर्वीं गांवचा लोहार बलुतेदार होता. सुगीला धान्य घ्यावें आणि वर्षभर विळे-खुरपीं नीट करून द्यावींत, असा व्यवहार असे. काम कच्चें झालें, तर गाऱ्हाणें दुसऱ्याच दिवशीं दारांत येई. तो व्यवहार आतां मोडला. तरी रस्त्याच्या कडेला बिऱ्हाड टाकणारे घिसाडी अजून दिसतात. पुरुष सांडशींत तापलें लोखंड धरून बसतो आणि घरची बाई घण घालते. तिच्या घावांत चूक झाली तर पातें वांकडें होतें, हें पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

मालट्रकच्या कमानीचा जुना पाटा या कामाला फार आवडता, कारण त्या पोलादांत चिवटपणा असतो. पातें घडून झालें, कीं तें लाल तापवून एकदम पाण्यांत किंवा तेलांत बुडवितात. यालाच पाणी देणें म्हणतात. पातें त्यानें कठीण होतें, पण कांचेसारखें ठिसूळहि होतें. म्हणून तें पुन्हां बेतानें तापवावें लागतें. घासून उजळलेल्या पात्यावर २३० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास फिकट पिवळा रंग चढतो, तर ३०० अंशांजवळ निळा. सुरीला पिवळा पुरे. ज्याला दिवसभर घाव घालावयाचे, त्या कोयत्याचें पातें निळसर होऊं द्यावें. कांहीं लोहार धारेची कडाच तेवढी बुडवितात, म्हणजे पाठ मऊ राहून धक्का सोसते. येथें पुस्तकापेक्षां डोळाच उपयोगी पडतो.

विकत घेणारा शेतकरीहि कच्चा नसतो. तो पातें नखानें वाजवून नाद ऐकतो, मूठ हातांत तोलतो, कोठें बारीक चीर आहे का तें उन्हांत पाहतो. एरव्हीं तो दगडावर पाजवून काम भागवितो. धार फारच झिजली, कीं लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून ठोकून, नवी काढून घेतो. धार चाकावर फार वेळ धरून लाविली, तर कडा तापून दिलेलें पाणी उतरतें. शहरांतील स्वयंपाकघरांतल्या पुष्कळ सुऱ्या अशाच वाया जातात.

कायद्याचीहि एक गोष्ट येथें सांगावयास हवी. १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचीं घातक हत्यारें शस्त्रांत गणलीं आहेत. शेतीसाठीं व घरकामासाठीं घडविलेलीं मात्र वगळलीं आहेत. तोच कोयता शेतांत अवजार ठरतो. भांडणांत उगारला, तर मात्र पोलीस त्याला अवजार म्हणत नाहींत.