पिचर, सरळ फटका आणि अर्धा सेकंद

सॉफ्टबॉलमध्ये बॅटरच्या अगदी समोर आणि बहुतेक वेळा सर्वांत जवळ उभी असते ती पिचर. स्त्रियांच्या वरिष्ठ गटात पिचिंग प्लेट आणि होम प्लेट यांत 43 फूट, म्हणजे 13.11 मीटर अंतर असते. अमेरिकेत 12 वर्षांखालील मुलींसाठी ते 40 फूट आणि 10 वर्षांखालील मुलींसाठी 35 फूट ठेवतात. क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटरची असते, हे आठवले की हे अंतर किती कमी आहे ते कळते. त्यातही चेंडू सोडताना पिचर प्लेटवरून पुढे झेप घेते, पुढचा पाय दीड-दोन मीटर पुढे टेकवते आणि तिथेच थांबते. त्यामुळे 43 फुटांतले प्रत्यक्षात 11 ते साडेअकरा मीटरच उरतात. बारा इंची चेंडूचे वजन 178 ते 198 ग्रॅम असते. तो क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड आहे, आणि लहान मुलींच्या चेहऱ्याला तो कुठल्याही अर्थाने मऊ नाही.

बॅटवरून ताशी 100 किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू साडेअकरा मीटर अंतर सुमारे 0.41 सेकंदात कापतो. वेग 130 किलोमीटर असेल तर 0.32 सेकंद लागतात. दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायलाच माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतो. उरलेल्या वेळात ग्लोव्ह मांडीजवळून चेहऱ्यापर्यंत न्यायचा असतो. जोरदार सरळ फटक्यापुढे ते दर वेळी जमेल, असे कोणत्याही प्रशिक्षकाने गृहीत धरू नये. ‘सराव वाढवला की जमेल’ हे उत्तर इथे अपुरे आहे, कारण मेंदू आणि स्नायूंच्या वेगालाच मर्यादा आहे.

अनुभवी खेळाडूलाही ही मर्यादा ओलांडता येत नाही. जपानची युकिको उएनो ही जगातल्या श्रेष्ठ पिचरपैकी एक. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. 2019 मध्ये जपानच्या लीगमधल्या एका सामन्यात सरळ आलेला फटका चेहऱ्यावर बसून तिचा खालचा जबडा मोडला. ती बरी होऊन परतली आणि 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुन्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होती. जगज्जेत्या पिचरचा ग्लोव्ह जिथे वेळेत पोहोचला नाही, तिथे बारा वर्षांच्या मुलीकडून काय अपेक्षा करायची?

पिचरच्या हातात वेळ असतो तो फटका बसण्याआधीचा. लहान गटातली मुलगी ताशी 80 किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकत असेल, तर चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटवर पोहोचेपर्यंत साधारण अर्धा सेकंद जातो. या अर्ध्या सेकंदात तिने पिचर राहायचे सोडून क्षेत्ररक्षक व्हायला हवे. बाजूला उभे राहून पाहिले तर बऱ्याच मुलींचा हा वेळ वाया जाताना दिसतो. विंडमिल पद्धतीत हात पूर्ण फिरतो, चेंडू कंबरेजवळून सुटतो, मागचा पाय जमिनीवरून घासत पुढे येतो. त्याच क्षणी अनेक जणी ताल धरण्यासाठी ग्लोव्ह मांडीवर आपटतात, आणि बॅट फिरते तेव्हा तो तिथेच, खाली लोंबत असतो. काहींचा तोल एका बाजूला जातो. काही जणी चेंडू टाकून झाला की मान खाली घालतात. थकवा आला की, विशेषतः शेवटच्या इनिंगमध्ये, हे सगळे दोष एकदम उघडे पडतात. थकलेली पिचर बदलण्याचे हेही एक कारण आहे, आणि धावफलक पाहणाऱ्या प्रशिक्षकाच्या ते सहसा लक्षात येत नाही.

योग्य शेवट असा असतो: मागचा पाय पुढच्या पायाच्या रेषेत येऊन दोन्ही पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, ग्लोव्ह छातीसमोर उघडा, आणि नजर चेंडूवरून न हलता बॅटच्या टप्प्यावर. पिचिंग शिकवतानाच हा शेवट शिकवावा लागतो. आधी वेग, मग अचूकपणा आणि क्षेत्ररक्षण ‘नंतर बघू’, असा क्रम लावला तर चुकीची सवय हाडीमाशी खिळते. सरावाची एक साधी आणि उपयोगी पद्धत आहे. पिचर नेहमीप्रमाणे चेंडू जाळीत टाकते, आणि तो सुटताच समोर बाजूला उभा असलेला प्रशिक्षक फोमचा किंवा टेनिसचा चेंडू तिच्या अंगावर मारतो. सुरुवातीला हळू, ठरलेल्या दिशेला, पुढे न सांगता कुठेही. पकडता आला नाही तर चेंडू वळवायचा, तेही जमले नाही तर हनुवटी छातीकडे ओढून चेहरा वाचवायचा. हे सगळे मऊ चेंडूनेच करायचे असते.

तरीही फेस मास्कला पर्याय नाही. धातूच्या सळ्यांचा किंवा कठीण प्लास्टिकचा हा मास्क डोळे, नाक, गालाची हाडे, दात आणि जबडा झाकतो. अमेरिकेतील शालेय सॉफ्टबॉलमध्ये बॅटरच्या हेल्मेटला चेहऱ्याची जाळी सक्तीची आहे, पण पिचरला मास्क घालण्याची केवळ मुभा आहे. काही स्थानिक लीगनी मात्र तिलाही सक्ती केली आहे, आणि तेच बरोबर आहे. फटक्याच्या वाटेत उघड्या चेहऱ्याने उभ्या असलेल्या मुलीला कमी संरक्षण मिळावे, याला कोणताही आधार नाही. मास्कमुळे नीट दिसत नाही, ही तक्रार बहुधा चुकीच्या मापामुळे येते. हनुवटीचा कप घट्ट बसला, सळ्या डोळ्यांच्या रेषेत येत नसल्या आणि मागचा पट्टा वेणीच्या वर-खाली नीट बसवला, की काही सरावांत डोळ्यांना त्याची सवय होते. म्हणून मास्क पहिल्या दिवसापासून, सरावातही घालायचा. वाकलेला किंवा तडा गेलेला मास्क दुरुस्त करून वापरू नये. कपाळाचा वरचा भाग आणि कानशील मास्कने पुरते झाकले जात नाही, हेही पालकांना आधीच सांगायला हवे. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरच्या मुली बंट, म्हणजे बॅटने हलकेच ढकललेला चेंडू, अडवण्यासाठी पुढे सरकतात, तेव्हा त्या पिचरइतक्याच जवळ असतात. त्यांनाही मास्क हवा.

बॅट आणि चेंडूवरही लक्ष ठेवावे लागते. कॉम्पोझिट बॅट वापरून मुरली की चेंडू अधिक जोरात फेकते, आणि काही जण तो परिणाम लवकर मिळवण्यासाठी बॅट रोलरमध्ये दाबून घेतात, जे नियमबाह्य आहे. यूएसए सॉफ्टबॉल संस्थेच्या बॅट-चाचणीत चेंडूच्या वेगाला ताशी 98 मैलांची, म्हणजे सुमारे 158 किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने आलेल्या चेंडूपुढे पिचरला पाव सेकंदाहून जेमतेम अधिक वेळ मिळतो. सामन्यापूर्वी पंचांनी प्रत्येक बॅट हातात घेऊन तपासणे म्हणूनच महत्त्वाचे. अगदी लहान गटात 11 इंची, कमी कठीण चेंडू वापरावा.

सरावाच्या जागी धोका वेगळाच असतो. पिचर पुढचा चेंडू उचलायला बादलीत वाकलेली असते आणि शेजारच्या बॅटरचा फटका तिच्याकडे येतो. जाळीआडून पिचिंग करणे आणि एका वेळी एकच चेंडू खेळात ठेवणे, एवढ्यानेच यातल्या बऱ्याच दुखापती टळतात.

एवढे करूनही फटका बसलाच, तर डोक्याला मार लागलेल्या मुलीला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, ती स्वतः ‘बरी आहे’ म्हणाली तरी. निखळलेला कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात ठेवून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे न्यावा. डोळ्याला मार लागला असेल तर त्यावर दाब देऊ नये. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या फटक्याने निरोगी हृदयही लय बिघडून थांबू शकते. मुलगी कोसळून प्रतिसाद देत नसेल, तर लगेच छातीदाब सुरू करावा, 108 ला फोन करावा आणि हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र असेल तर आणवावे. प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता घटत जाते. महाराष्ट्रातही शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळला जातो. संघासाठी बॅट आणि चेंडू घेताना शाळांनी आणि क्रीडाशिक्षकांनी पिचरचा मास्क त्याच यादीत घालावा, आणि तो नसेल तर मुलीला पिचिंग प्लेटवर उभे करू नये.