थंडीने बीड सुधारतं का?

मागच्या वेळी आपण अनुमान पाहिलं. आज त्याचंच एक गॅरेजमधलं उदाहरण घेऊ. मोटारीच्या ब्रेक डिस्क द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने उणे १९० अंशांच्या आसपास हळूहळू नेतात, दिवसभर तिथेच ठेवतात आणि सावकाश परत आणतात. मग डिस्क जास्त टिकते, असं विकणारे सांगतात.

टूल स्टीलच्या बाबतीत यामागचं कारण आपल्याला माहीत आहे. तापवून पाणी दिलेल्या पोलादात थोडं ऑस्टेनाइट शिल्लक राहतं. ते मऊ. अति थंडीत त्यातल्या बऱ्याचशाचं कठीण मार्टेन्साइट होतं. ते ठिसूळ, म्हणून नंतर पुन्हा थोडं तापवायचं. इथवर ठीक.

पण ब्रेक डिस्क बहुधा बिडाची असते! तिला पाणी दिलेलंच नसतं, ती साच्यात निवते. तिच्यात पर्लाइट आणि ग्राफाइटचे पापुद्रे. ऑस्टेनाइट जवळजवळ नाहीच. मग रूपांतर व्हायचं कशाचं? हेतूच पक्षात नाही. नैयायिक याला स्वरूपासिद्ध म्हणतील.

म्हणजे डिस्क टिकतच नाही असं नव्हे, बरं का. कारण वेगळं असू शकेल, बिडातला ताण सैल होणं वगैरे. पण ते स्वतंत्रपणे दाखवावं लागेल. एकाच ओतकामातल्या डिस्क घ्या, निम्म्यांना थंडी द्या, कोणत्या ते चालवणाऱ्याला सांगू नका, पॅड तेच ठेवा, आणि ठरावीक किलोमीटरनंतर मायक्रोमीटरने जाडी मोजा. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपर्यंत कोणत्या आधी पोचतात, ते बघू.