रे रोडच्या नर्सबाई

रे रोड हे स्टेशन आपल्यापैकी बहुतेकांनी हार्बरच्या गाडीच्या खिडकीतूनच पाहिले असेल. उतरण्याचे कारण सहसा पडत नाही. पूर्वेला दारूखाना, लोखंडी भंगाराचे ढीग, आणि त्यापलीकडे बंदराच्या जमिनीवर दाटीने उभी राहिलेली कौला बंदरची वस्ती. ज्यांचे नाव या स्टेशनाला मिळाले ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८८९ साली, मुंबई इलाख्यातील खेड्यांच्या स्वच्छतेचा कायदा झाला. आणि या प्रश्नात लंडनहून कोण लक्ष घालीत होते म्हणाल, तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल! बाईंनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही. पण इथल्या विहिरी, गटारे आणि मृत्यूंचे आकडे यांची विचारपूस त्या वर्षानुवर्षे करीत राहिल्या.

आपल्या परिचयाची आहे ती हातात दिवा घेतलेली बाई. तिच्या दुसऱ्या हातात आकड्यांची वही होती, हे आपल्याला कुणी फारसे सांगितले नाही. क्रिमियाच्या युद्धात गोळीने मेले त्याहून कितीतरी अधिक शिपाई टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे तिने १८५८ साली आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले.

मराठीच्या मास्तराला शब्दाची खोड असायचीच. ‘परिचारिका’ या शब्दात ‘परि’ म्हणजे सभोवार आणि ‘चर्’ म्हणजे फिरणे. इस्पितळातली नर्स खाटेभोवती फिरते. वस्तीतली नर्स गल्लीबोळांतून फिरते. शब्दाला अधिक जागते ती दुसरी, असे मला वाटते.

आपल्या पांढरपेशा घरांना मात्र या फिरण्याचे वावडे होते. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि पुढे तिथल्या बायकांना ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला धाडले, तेव्हा परक्याची मलमूत्रे काढणे हे घरंदाज बाईचे काम नव्हे, असे मानणारे थोडे नव्हते. आज त्याच घरांतून नर्स हवी म्हणून फोन फिरतात, तो भाग निराळा.

वस्तीतल्या नर्सचे काम दिसायला साधे. दीड महिन्याचे मूल कुठल्या घरात आहे, अडीच महिन्यांचा डोस कुणाचा राहिला, गोवराची लस नवव्या महिन्यात कोण चुकवले, हे तिला ठाऊक हवे. दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्या माणसाची थुंकी तपासायला पाठवायची. क्षय निघाला तर औषध सुटणार नाही, इकडे डोळा ठेवायचा. दोन महिन्यांत रोग्याला बरे वाटू लागते, कामावर खाडा परवडत नाही, आणि गोळ्या तिथेच थांबतात. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय जवळ आहे म्हणून रोगी तिथे पोचतोच असे नाही. त्याच्या दाराशी कुणीतरी जावे लागते.

जाणारी व्यक्तीही ओळखीची हवी. जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली काम सुरू केले, तेव्हा आधी शिकलेल्या नर्सेस खेड्यांत ठेवून पाहिल्या. गाव त्यांना आपले मानीना. मग गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर बायकांना तयार केले आणि काम धरले. मुंबईतही महापालिकेच्या आरोग्य सेविका घरोघर हिंडतात त्या याच कारणासाठी.

पण काही दुखणी नर्सच्या पेटीत मावत नाहीत. कौला बंदरविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथली पाण्याची तऱ्हा नोंदली आहे. जमीन बंदराची, वस्तीला सरकारी मान्यता नाही, म्हणून पालिकेचा नळ नाही. खाजगी विक्रेते मोटर लावून लांबच लांब नळ्यांतून पाणी पुरवीत, आणि पालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे रहिवासी मोजीत. अशा ठिकाणी हगवणीच्या पोराला क्षारसंजीवनी पाजून नर्स जगवील. आठवड्याने तेच पोर पुन्हा तिच्यापुढे येईल. दंडाला पट्टी लावून पाहावे तर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे तांबड्या रंगात. तिने ते वहीत लिहायचे, वही वर पाठवायची. नळ मंजूर करणारा कागद तिच्या टेबलावर येत नाही.