रुपयातले चार आणे

महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरणाऱ्या विजेवरच्या गाडीत आकडे उलटे चालतात. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी मागून कुणी धरल्यासारखी आवळते, वापराचा काटा शून्याखालच्या हिरव्या पट्ट्यात जातो, आणि माथ्यावर साठ टक्के असलेली बॅटरी पायथ्याशी सदुसष्ट-अडुसष्ट टक्के दाखवते. रेंजचा आकडा तर भलताच बोलघेवडा. गाडी तो नुकत्याच झालेल्या वापरावरून काढते, त्यामुळे घाट चढून आल्यावर तो धडकी भरवतो आणि उतरल्यावर न पटण्याइतका वाढतो. यातूनच ‘घाटात गाडी फुकट चार्ज होते’ हे वाक्य तयार झालं आहे. ते अगदी खोटं नाही, पण त्यातला हिशेब चुकीच्या वहीत मांडलेला आहे. उतारावरची वीज कमाई म्हणून मोजली तर ती किरकोळ ठरते. डोंगर ओलांडण्याचा खर्च तिने किती घटवला, असं विचारलं तर तीच वीज बरीच मोठी दिसू लागते.

हिशेब अवघड नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३५३ मीटरवर, पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात तळाशी. मधला रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा आणि उंचीचा फरक जवळपास १,३०० मीटरचा. माणसांसकट १,६०० किलोची गाडी एवढी वर न्यायला, फक्त उचलण्यापुरती, ५.७ युनिट वीज लागते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध यांत, घाटातल्या संथ वेगाने, आणखी २.३ युनिट जातात. चाकांपाशी झाले ८ युनिट. मोटर आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्समधली गळती धरली की बॅटरीतून सुमारे ९.४ निघतात. उतरताना उंचीचे ५.७ युनिट हाती असतात. त्यातले २.३ घर्षण आणि हवा खातात, उरलेल्या ३.४ पैकी मोटर, इन्व्हर्टर आणि खुद्द बॅटरी यांतून पार होऊन साधारण सत्तर टक्के, म्हणजे २.४ युनिट, परत जमा होतात. एसी बंद धरलेला हा ढोबळ अंदाज आहे, पण चित्र बदलू नये इतका नेमका. चढायला ९.४ खर्च, उतरताना २.४ परत: रुपयातले चार आणे. स्ट्रॉबेरीच्या पेट्या डिकीत भरून उतरलात तरी हे प्रमाण फारसं हलणार नाही.

मात्र चार आण्यांकडे बघून नाक मुरडण्याआधी सपाट रस्त्याशी तुलना करावी. तेवढंच अंतर त्याच वेगाने सपाटीवर जाऊन-येऊन कापलं तर या गाडीला ५.४ युनिट लागतील. घाट चढून-उतरून लागतात ७. म्हणजे डोंगराने वसूल केलेला टोल फक्त १.६ युनिटचा. हीच गाडी उतारावर वीज परत घेऊ शकली नसती तर तिचं येणं-जाणं ९.४ युनिटमध्ये पडलं असतं आणि टोल ४ युनिट झाला असता. पेट्रोलच्या गाडीचं दुखणं नेमकं हेच आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन तोडतात, उतारावर त्यांचा खर्च जवळजवळ शून्य होतो. पण शून्याच्या पलीकडे त्या जाऊ शकत नाहीत. चढावर जाळलेलं पेट्रोल टाकीत परत येत नाही.

विजेच्या गाडीची बॅटरी जड असते, ती डोंगरावर वाहून न्यायचा भुर्दंड कोण भरणार, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. चारशे किलो वजन जास्त धरलं तर १,३०० मीटरसाठी उचलण्याचेच १.४ युनिट वाढतात. परंतु उतारावर परत मिळतो तो याच वजनाचा हिस्सा, आणि जो मिळत नाही त्यापेक्षा पेट्रोल इंजिनाची उष्णतेतली नासाडी कितीतरी मोठी आहे. चढावर इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग ते सायलेन्सर आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडतं. वजन फायद्याचं ठरतं ते एकाच ठिकाणी: जड उतरायचं आणि हलकं चढायचं असेल तिथे. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या सिमेंटच्या खाणीत विजेवरचा एक डंपर रिकामा वर जातो आणि ६५ टन दगड भरून खाली येतो. त्याच्या बाबतीत उतारावरची वीज चढाला पुरून उरू शकते. आपल्या गाड्या मात्र जितकी माणसं वर नेतात तितकीच खाली आणतात.

दुसरा आक्षेप जुन्या ड्रायव्हरांचा. वीज परत घेण्यात तीस टक्के गळती होत असेल तर गाडी मोकळीच का सोडू नये? न्यूट्रलवर उतरणाऱ्यांचा हाच युक्तिवाद असतो, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. उंचीतली ऊर्जा थेट पुढे जाण्यात खर्ची पडली तर मधे गळती नाही. म्हणून साधारण दीड टक्क्यापर्यंतच्या मंद, सरळ उतारावर गाडी लोळू देणंच शहाणपणाचं. तिथे पायाने सतत वीज ओढून पुन्हा तीच वापरणारा माणूस दलालाला दोनदा दलाली देतो. पण आंबेनळीत तीव्र उतार आणि इंग्रजी यू आकाराची वळणं आहेत. तिथे मोकळी सोडलेली गाडी पुढच्या वळणावर थांबवावी लागते. प्रश्न मग ऊर्जा वापरायची की जपायची हा राहत नाही. ती बॅटरीत घालायची की ब्रेक पॅडमध्ये, एवढाच उरतो. आणि पॅडमध्ये घातलेली शंभर टक्के वाया जाते.

वाया जाते म्हणजे किती, हे पाहण्यासारखं आहे. वर उरलेले ३.४ युनिट उष्णतेत मोजले तर त्यात दोन हंडे पाणी उकळेल. गाडी न्यूट्रलवर असेल तर एवढी आच चार चाकांमागच्या लोखंडाला पेलावी लागते. उतरणाऱ्या ट्रकच्या मागे लायनर जळल्याचा जो वास येतो तो तिचाच. पॅड तापले की पकड सैल पडते, तेल उकळलं की पेडल पोकळ लागतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा नियम त्यासाठीच. विजेच्या गाडीत गिअरची जागा रीजनच्या, म्हणजे उतारावर वीज परत घेण्याच्या, पातळीने घेतली आहे: घाटात सर्वांत वरची पातळी लावावी आणि पाय ब्रेकवर कमी ठेवावा. पाच टक्के उतारावर तासाला ४० किलोमीटरने येताना मोटरला जेमतेम साडेसहा किलोवॅट थोपवायचे असतात, तिच्या ताकदीच्या मानाने चिल्लर. अचानक गाय आडवी आली की साधे ब्रेकच लागतात, आणि चाक घसरू लागलं तर यंत्रणा रीजन आपणहून कमी करते. म्हणून कोकणच्या पावसात न वापरल्याने डिस्कवर गंज चढला असेल तर घाटात शिरण्यापूर्वी दोन-तीनदा ब्रेक दाबून तो घासून काढावा.

एका परिस्थितीत मात्र हे सगळं कोलमडतं. बॅटरी भरलेली असेल तर वीज घेणार कोण? रेल्वेला ही अडचण तितकी भेडसावत नाही. कर्जत-लोणावळा घाटातल्या सदतिसास एक चढणीवरून उतरणारं आजचं थ्री-फेज इंजिन आपली वीज डोक्यावरच्या तारेला देतं, आणि ती त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येते. मोटारीला तार नसते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जर लावून शंभर टक्के भरलेली गाडी सकाळी आंबेनळीत शिरली, की पाय उचलल्यावरची ती आवळ येत नाही किंवा फार कमी येते, आणि सवयीने निर्धास्त झालेल्या ड्रायव्हरला भर उतारावर पॅडवरच भिस्त ठेवावी लागते. तीस युनिटच्या बॅटरीत परत येणारे २.४ युनिट म्हणजे आठ टक्के. तेव्हा पोलादपूरकडे उतरायचं असेल तर चार्जर नव्वदवर काढावा. वाईकडे जाणाऱ्याला एवढी जागा राखावी लागत नाही: पांचगणीपर्यंतचा रस्ता जवळपास माथ्यावरूनच जातो, आणि पसरणीचा उतार सुरू होण्याआधी बॅटरी थोडी रिकामी झालेली असते.